बाईंची कर्दळ आणि बाईंचा सोनटक्का

दवाखान्याच्या पायऱ्या चढताना उजव्या हाताला कर्दळ होती आणि डाव्या हाताला सोनटक्का. बाई रोज सकाळी मधल्या पायरीवर उभ्या राहून आधी उजवीकडे पाहत, मग डावीकडे, आणि दोन्हीकडचं पाहून झाल्याशिवाय कोणाशी बोलत नसत. कोणी बाळंतीण अडलेली असली तर गोष्ट वेगळी. एरवी डॉक्टरांनी नमस्कार केला तरी त्या नुसता हात वर करून ‘थांबा’ अशी खूण करत, आणि डॉक्टर थांबत.

मी तिथे कंपाउंडर म्हणून लागलो तेव्हा आमचा भाग अजून मध्य प्रदेशात होता आणि सगळे कागद नागपूरला जात. गाव गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. शेवटचं घर संपलं की मोहाची झाडं सुरू होत. दवाखान्यात आम्ही चार माणसं होतो: डॉक्टर, बाई, मी आणि एक चपराशी. बाई म्हणजे नर्स. त्यांना नाव होतं, पगारपत्रकावर मी ते दर महिन्याला वाचत असे, पण ते उच्चारल्याचं मला आठवत नाही. पंचक्रोशीत नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच.

वय पन्नाशीच्या आसपास असेल. ब्रह्मपुरीकडच्या होत्या. लहानपणी लग्न झालं, लहानपणीच नवरा गेला, मग भावाने नागपूरला नेऊन दाईचं शिक्षण दिलं, एवढी माहिती मला चपराशाकडून मिळाली. त्यांनी स्वतः तीन वर्षांत आपल्याबद्दल एक वाक्य सांगितलं नाही. अंगावर पांढरं पातळ, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, हातात पुरुषी काळी छत्री. दातांना गुडाखू घासायची सवय होती. तंबाखूची ती काळी चिकट पेस्ट किती वाईट हे त्या प्रत्येक गरोदर बाईला बजावून सांगत आणि सांगून झालं की मागच्या दारी जाऊन स्वतः घासत. एकदा एकीने तोंडावर विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “मी घासतो म्हनूनच सांगून राह्यलो. ज्यानं घासलंच नाई त्याले का समजन?” तिकडच्या बाया स्वतःबद्दल बोलताना ‘मी जातो, मी करतो’ असंच म्हणतात. मी वर्ध्याचा, मला सवय होती. डॉक्टर पुण्याकडचे होते, त्यांना पहिलं वर्षभर मोठी गंमत वाटायची.

मी हजर झालो त्याच दिवशी माझी आणि बाईंची गाठ पडली ती पाण्यावरून. लॉरीतून उतरलो, पायरीवर ट्रंक ठेवली, हातपाय धुतले आणि तांब्यात उरलेलं पाणी सहज डावीकडच्या झाडांत ओतलं. बाई आतून बाहेर आल्या. माझं नाव, गाव काही न विचारता त्यांनी ‘साबण लावला होता का’ हे विचारलं. लावला होता. मग त्यांनी त्या जागेची ओंजळभर माती खुरप्याने उकरली आणि उजवीकडे कर्दळीत नेऊन टाकली. “साबनाचं पानी तिकडं. तिले चालते. याले नाई चालत.” आमची पहिली ओळख एवढीच.

पुढे मला दोन्हीकडची सगळी पद्धत पाठ झाली. दवाखान्यात दिवसभर जे पाणी निघे, हत्यारं उकळलेलं, बाटल्या धुतलेलं, फरशी पुसलेलं, ते थंड झाल्यावर सगळं कर्दळीला. पूर्वी ते मागच्या दाराशी साचायचं आणि त्यात डास व्हायचे. त्या भागात हिवतापाने दर घरी माणूस पडलेलं असे, त्यामुळे साचलेलं पाणी दिसलं की बाईंचं डोकं फिरत असे. कर्दळ त्यांनी मुळात त्यासाठीच आणली होती. सोनटक्क्याला मात्र विहिरीचं ताजं पाणी, तेही बाईंनी स्वतः शेंदलेलं. सकाळी चार मग, उन्हाळ्यात संध्याकाळी आणखी चार. बाई रजेवर गेल्या, म्हणजे तीन वर्षांत एकदा, भावाच्या मुलीच्या लग्नाला, तेव्हा चपराशाला त्यांनी मग हातात देऊन तालीम दिली होती.

आणि हे सगळं लिहून ठेवलेलं असायचं. बाह्यरुग्णांच्या जुन्या रजिस्टरांची मागची कोरी पानं त्या वापरत. मधोमध रेघ, एका बाजूला ‘क’, दुसऱ्या बाजूला ‘सो’. कोणाला केव्हा फुटवा आला, कोणाच्या पानावर अळी आली, कोणाचं पान करपलं. नऊ वर्षांच्या नोंदी होत्या. डॉक्टर एकदा मला हळूच म्हणाले की रुग्णांचे केसपेपर बाईंच्या झाडांइतके नीट असते तर वरचे साहेब आपल्यावर खूश झाले असते.

दोन्ही झाडं दवाखान्यात आली कशी, त्याचीही गोष्ट होती. कर्दळीचे गड्डे वडशाच्या स्टेशनावरचे. तिथल्या मास्तरांची बायको बाळंतपणात अडली असताना बाई गाडीची वाट पाहत फलाटावर बसलेल्या होत्या. त्यांनी गाडी सोडली आणि बाळंतपण केलं. मास्तर लुगडं द्यायला लागले तेव्हा त्यांनी फलाटाच्या कडेची लाल कर्दळ दाखवून तिचे चार गड्डे मागितले. सोनटक्का जंगलखात्याच्या डाकबंगल्यातला. तिथल्या चौकीदाराने तो देताना बजावलं होतं की हे साहेबलोकांचं झाड आहे, सावली मागतं, ओल मागतं, चांद्याच्या उन्हात जगायचं नाही. बाईंना तेवढं पुरे झालं. जगणार नाही म्हटलेलं काहीही त्या हातात घेत.

बाईंची एक चीड मात्र सगळ्यांना सांभाळावी लागे. फुलाला माणसाची उपमा दिलेली त्यांना खपत नसे. चपराशी एकदा गमतीने म्हणाला की कर्दळ म्हणजे आमच्या वहिनीसारखी, रंग भडक आणि वास नाही. बाईंनी त्याला समोर उभं केलं आणि शांतपणे विचारलं, “तिले पानी किती लागते, तुले मालूम हाये? ऊन किती लागते? नाई ना? मंग जेवढं मालूम हाये तेवढंच बोल.” डॉक्टरांची बायको सोनटक्क्याला पाहून ‘काय सुंदर’ म्हणाली तेव्हाही बाईंचं समाधान झालं नाही. सुंदर आहे हे कोणालाही दिसतं, त्याच्या बुडाशी कोणी पाहत नाही, असं त्यांचं म्हणणं. स्वतः त्यांनी त्यातलं एकही फूल कधी केसांत घातलं नाही की देवाला वाहिलं नाही.

चांद्याहून, म्हणजे आताच्या चंद्रपूरहून, मोठे साहेब तपासणीला आले होते तो दिवस मला चांगला आठवतो. डॉक्टरांनी आठवडाभर आधीपासून धसका घेतला होता. भिंतींना चुना झाला, बाटल्यांना नव्या चिठ्ठ्या लागल्या. साहेब जीपमधून उतरले, पायऱ्यांपाशी थांबले आणि केवळ सौजन्य म्हणून त्यांनी बाईंना विचारलं की आपल्या बंगल्यात लावायचं तर या दोहोंतलं कोणतं चांगलं?

बाईंनी प्रश्न खरा मानला. त्यांनी उलट विचारलं की बंगल्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे. साहेबांना सांगता येईना. विहीर उन्हाळ्यात आटते का, तेही येईना. तेव्हा बाईंनी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. कर्दळीला दिवसभर ऊन पाहिजे, सावलीत ती नुसती उंच वाढते आणि फुलत नाही. सोनटक्क्याला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली. कर्दळ मुरमातही येते. सोनटक्क्याला जंगलातल्या कुजलेल्या पानांची माती आणून घालावी लागते. कर्दळ पाणी मिळालं तर बाराही महिने फुलते, फक्त फुलून गेलेला दांडा बुडापासून कापायचा, नाहीतर ती बी धरते आणि थांबते. सोनटक्का पाऊस अर्धा झाला की फुलायला लागतो, दिवाळी झाली की संपला. त्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी मान टाकतं, पण त्या एका दिवसात सगळा व्हरांडा वासाने भरतो. कर्दळीच्या पानात अळी शिरून पान गुंडाळून बसते, ती हाताने काढावी लागते. सोनटक्क्याला अळी नाही, त्याचा वैरी एकच, ऊन. गड्डे दोघांचेही दर तीन वर्षांनी उपटून वेगळे करायचे, नाहीतर आपसात दाटी करून दोघंही दमतात. कर्दळीचा गड्डा चार बोटं खोल लावायचा. सोनटक्क्याचा वरवर, पाठ मातीबाहेर दिसली पाहिजे.

सकाळचे अकरा वाजलेले, साहेब टोपी हातात धरून उन्हात उभे. डॉक्टर मागून खुणा करत होते. शेवटी साहेबांनी विचारलं, मग कोणतं लावू? बाई म्हणाल्या, “तुमची बदली दर दोन वर्षांनी होते. कर्दळ लावा. मागून येनारा पानी नाई टाकन तरी जगन.” साहेब हसले, आणि जाताना चार गड्डे जीपमध्ये घालून घेऊन गेले. तपासणीच्या शेऱ्यात त्यांनी दवाखान्याबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि बागेबद्दल चार.

आता मुख्य गोष्ट. हे गड्डे बाई वाटत असत, पण उगाच कोणालाही नाही.

खेड्यांतल्या बाया दवाखान्यात येत नसत. पोट दिसायला लागलं तरी नाही, दुखायला लागलं तरी नाही, अगदी जिवावर बेतलं की मग बैलगाडीत घालून आणत, आणि तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असे. बाईंनी सांगून पाहिलं, भांडून पाहिलं. मग त्यांनी नियम काढला. गरोदरपणात तीन वेळा दाखवायला आली तिला कर्दळीचा गड्डा. पाच वेळा आली तिला सोनटक्क्याचा. डॉक्टरांना हे पोरकट वाटलं. मलाही वाटलं. पण बाया येऊ लागल्या. चार-चार कोस चालत, टोपली डोक्यावर, सोबत सासू नाहीतर जाऊ. औषध घेताना तोंड वाकडं करायच्या आणि जाताना कर्दळीकडे बोट दाखवून किती खेपा राहिल्या ते विचारायच्या. लोहाच्या गोळ्यांनी जे झालं नसतं ते त्या गड्ड्यांनी होत होतं. ते काम माझ्या डोळ्यांसमोर झालं, म्हणून सांगतो.

महिन्यातून दोनदा आम्ही फेरीला जात असू. बाई छत्री घेऊन पुढे, मी औषधांची पेटी सायकलला बांधून मागे. पायवाट अशी की सायकल बहुधा मीच वाहायचो. प्रत्येक घरी बाईंची रीत ठरलेली. ओसरीवर न थांबता सरळ मागे सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या कुंपण घातलेल्या तुकड्यात. तिथे आपलं झाड पाहायचं. हिरवंगार असलं तर त्या येऊन ओसरीवर बसत, पाणी मागत, बाळाला मांडीवर घेत, घरातल्या दुखण्याखुपण्याची चौकशी करत. वाळलेलं असलं तर बसत नसत. उभ्याउभ्याच बोल लावत आणि छत्री उघडून पुढच्या घरी. कर्दळ सहसा वाळत नसे, घरातलं खरकटं पाणीसुद्धा तिला पुरे. सोनटक्क्याचं मात्र उन्हाळ्यात अवघड होई. बाईंनी तो देताना प्रत्येकीला एकच गोष्ट तीनदा सांगितलेली असे: याला सुकू द्यायचं नाही. एक दिवससुद्धा नाही.

त्या फेरीच्या वाटेवर एक दहा-बारा घरांचं टोलं होतं. विहीर नव्हती. पाणी नाल्याचं, तो अर्ध्या कोसावर, आणि उन्हाळ्यात त्याच्या वाळूत झरा खणून वाटीवाटीने भरावं लागे. तिथे मैना नावाची एक सून होती. विशीतली असेल. पहिलं मूल दीड वर्षाचं होऊन तापाने गेलेलं. दुसऱ्या वेळी ती सातवा महिना लागायच्या आत पाचही खेपा दवाखान्यात आली, सहावीही आली. बोलायची कमी. सोनटक्का हातात दिला तेव्हा तिने तो नाकाशी नेला, मग नखाने थोडा खरवडला, परत वास घेतला आणि पदरात बांधला. तिचं झाड आमच्या सगळ्या फेरीत उत्तम होतं. चैत्रात दवाखान्याच्या सोनटक्क्याची पानं कडेने करपली होती, मैनाच्या सांदवाडीतली हिरवी होती. बाई तिच्याकडे सगळ्यात जास्त वेळ बसत. मैना इतर कोणाशी बोलत नसे, पण बाईंशी बोलायची. काय बोलायची ते मी ऐकलं नाही, मी पेटी उघडून गोळ्या वाटत असे.

वैशाखात एका सकाळी तिचा नवरा धावत आला. आठवा चालू होता. नाल्याच्या दरडीवर पाय घसरून ती भरल्या गुंडासकट, म्हणजे पाण्याच्या हंड्यासकट, खाली गेली होती. रक्त जात होतं. बाई, डॉक्टर आणि मी, तिघेही गेलो. डॉक्टरांनी आणि बाईंनी मिळून दुपारपर्यंत खटपट केली. मैना वाचली. मूल मुलगा होता. थोडा वेळ श्वास घेतला, मग थांबला.

बाईंनी त्याला पुसून, फडक्यात गुंडाळून सासूच्या हातात दिलं. सासू म्हातारी, रडत नव्हती. डॉक्टरांनी तिला थोडं रागानेच विचारलं की आठवा महिना लागलेल्या पोरीला नाल्यावर पाठवलीच कशाला? म्हातारी म्हणाली, “घरचं पानी माहा पोरगा आनते, साहेब. दोन खेपा त्यानं केल्या. हे तिसरी खेप त्या फुलाची होती. ते कोनाले आनू देत नाई. बाई पाहाले येते म्हने.”

तिने हे दोष द्यायला म्हटलं नव्हतं. विचारलं ते सांगितलं, इतकंच. बाई हात धूत होत्या. त्या धुतच राहिल्या. मी तांब्याने पाणी घालत होतो, तांब्या रिकामा झाला, मी दुसरा भरून आणला, तोही संपला.

दवाखान्यात परत आल्यावर बाई पायऱ्यांवर थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गेल्या नाहीत. आम्हाला वाटलं दमल्या असतील. पण तिसऱ्या दिवशीही नाही आणि त्यानंतरही नाही. कर्दळीला दवाखान्याचं सांडपाणी जातच होतं, ते आम्ही टाकत होतो. सोनटक्क्याला कोणी हात लावायचा नाही असं त्यांनी चपराशाला सांगितलं होतं. आठ दिवसांत पानं पिवळी पडली. पंधरा दिवसांत दांडे तपकिरी होऊन आडवे झाले. तिकडचं ऊन कसं असतं ते तिकडच्या माणसाला सांगायला नको. महिनाभराने तिथे नुसता पाचोळा होता. नऊ वर्षांचं झाड डोळ्यांदेखत गेलं आणि मला ते बघवेना. मी एकदा डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही सांगून पाहा. डॉक्टर म्हणाले, मी काय सांगू?

कामात बाईंनी कसूर केली नाही. फेऱ्या चालू होत्या. त्या आता सांदवाडीत जात नसत, गड्डे देणंही त्यांनी बंद केलं. ज्या बाया पाचवी खेप पुरी करून उभ्या राहायच्या त्यांना नुसतं औषध देऊन परत पाठवत. कोणी मागितलंच तर आता झाड उरलं नाही म्हणून सांगत. मैना माहेरी गेली होती, तिच्या टोल्यावरून आम्ही दोनदा गेलो, पण बाई त्या घराशी थांबल्या नाहीत.

पावसाला सुरुवात होऊन दोन आठवडे झाले असतील. मी औषधं मोजत होतो, बाहेरून बाईंची हाक आली. “कंपाउंडर, इकडं ये.” त्या डाव्या बाजूला उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी पाचोळा हाताने बाजूला सारला होता. खाली ओल्या मातीतून हिरवे कोंब वर आलेले, बोटाएवढे, टोकदार, गुंडाळलेले. एक नाही, दोन नाही. बाईंनी एकेकाला बोट लावत मोजले. अकरा झाले.

मी आनंदाने काहीतरी बोललो. बाईंच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. त्यांनी खुरपं घेतलं आणि एक गड्डा उकरून पाहिला. तो घट्ट होता, कापला तर आत रस होता. दीड-दोन महिने थेंब पाणी न मिळता तो आत जसाच्या तसा होता.

“नऊ वर्षं पानी टाकलं,” त्या म्हणाल्या. “एक बी उन्हाळा सुकू नाई देल्ला. मले कसं मालूम होनार?”

मग त्या तिथेच मातीत बसून राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या की मैनाला हे सांगायला पाहिजे. मी घाबरलो. मी म्हटलं, बाई, आता सांगून काय उपयोग? जे झालं त्यात तिचं मूल गेलं. तो गुंड आणायची काही गरजच नव्हती हे तिला कळलं तर ती काय करेल? न सांगितलेलं बरं. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो आणि मला माझं म्हणणं फार शहाणपणाचं वाटत होतं. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “अना पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा नाल्यावर गेली त?”

मी आत गेलो आणि औषधं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो.

धानाच्या रोवणीचे दिवस होते. मैना सासरी परत आल्याचं कळलं तेव्हा आम्ही गेलो. नाला आता दुथडी भरून वाहत होता, लांबून फिरून लाकडी पुलावरून जावं लागलं. टोल्यावर बाया बांध्यांतून चिखलाच्या पायांनी परतत होत्या. मैनाही त्यांत होती. बाईंना पाहून तिने पदर सावरला आणि घाईने पाय धुऊन आली. वाळली होती, पण ठीक होती. बाई ओसरीवर बसल्या नाहीत. म्हणाल्या, मागं चाल. आम्ही सांदवाडीत गेलो.

तिथे तिचा सोनटक्का वर आला होता. वीतभर उंच, ताजा. मैना वैशाखापासून इथे नव्हती, म्हातारीला चार पावलं चालणं होत नव्हतं, आणि नवऱ्याने त्यात पाणी टाकलं असेल हे संभवत नव्हतं. त्याच्याच शेजारी, त्याच उंचीची, त्याच रंगाची आणखी एक ओळ उगवली होती. ती मी आधीच्या फेऱ्यांत पाहिली असणार, पण कधी लक्ष दिलं नव्हतं.

बाई उभ्याच राहून बोलल्या. परीक्षेला बसल्यासारखं पाठ केलेलं बोलत होत्या. “मैना, याले उन्हाळ्यात पानी लागत नाई. पानं वाळतात, पन खाली गड्डा मरत नाई. पान्यात पुन्हा येते. मले मालूम नव्हतं. मी तुले चुकीचं सांगतलं. तू ते खेप नाई केली असती तरी चाललं असतं.”

मी मैनाकडे पाहू शकत नव्हतो. पाऊस थांबलेला होता, कुंपणावरून पाणी टपकत होतं.

मग ती म्हणाली, “मले मालूम होतं, बाई.”

बाईंना ते कळलं नाही. मलाही नाही. मैनाने शेजारच्या ओळीकडे हात केला. “हे हळद नाई का? हे बी तसंच करते. उन्हाळाभर मातीत निजते, पान्यात उठते. तुमी गड्डा देल्ला तवाच मी खरवडून पाह्यला. हळदीच्याच जातीचा हाये तो. आमच्या घरची कोनतीबी म्हातारी सांगन.”

“मंग पानी काऊन टाकत होती?” बाईंचा आवाज फुटला. मी त्यांचा तसा आवाज त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

मैनाने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. “हिरवं दिसलं का तुमी बसत होते,” ती म्हणाली. “वाळलेलं दिसलं त बोलून निंगून जात होते. आमच्या इथी दुसरं कोन येते, बाई?”

बाई वळल्या, घराला वळसा घालून पुढे आल्या, छत्री भिंतीला टेकवली, चिखलाचे बूट काढले आणि ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसल्या. मला म्हणाल्या, तू हो पुढं, डॉक्टरले सांगजो मले वेळ लागन. मी पेटी सायकलला बांधली. मैना दारात उभी होती, मग तीही येऊन बाईंच्या शेजारी खाली बसली.

पुलाकडे वळताना मी एकदा मागे पाहिलं. मैना बोलत होती, हात हलवून हलवून बोलत होती, आणि बाई तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होत्या.